छान म्हणायचं नाही

अट एकच होती निलाक्षीची :
छान म्हणायचं नाही.

त्या तापाला दोन वर्षं झाली, तिचं नाक परत आलेलं नाही.
डॉक्टर म्हणतात येईल, किंवा नाही येणार.
जिभेवर उरलंय ते खारट, आंबट, गोड, कडू,
आणि मिरचीचा चटका,
तो तर चव नसतोच म्हणे, दुखणं असतं.
"बाकीचं तू सांगायचं. दीड दिवस.
पोट रिकामं घेऊन ये."

कराडहून रात्रीच्या गाडीनं आले.
नेरूळला, तिच्या जिन्याखाली दोन सायकली,
एकीची सीट माझ्या उंचीला उतरवून ठेवलेली.

पहिली इडली मामींच्या मेसमध्ये.
"कशी आहे?"
मऊ.
"मऊ मलाही कळतं. पुढे बोल."
मी सांबारात बघत बसले.
हिंग म्हणजे, म्हटलं, घरात कुणी मोठं माणूस आहे
आणि ते पलीकडच्या खोलीत बसलंय.
तिनं चमचा खाली ठेवला.
"हं. हे चालेल."

पारसिकच्या चढावर बोलणंच संपलं.
सगळ्यात हलका गिअर, मांड्यांत निखारे,
पहिल्या वळणावर मी उतरले, दुसऱ्यावर तीही.
वर कठड्याला टेकून बाटली तोंडाला लावली.
खाली खाडी, आणि तोंड न धुतलेल्या इमारती.
पाणी तिला लागलं तसंच मला लागलं.
दीड दिवसात तेवढं एकच.

दिवाळ्यात चांगुणाबायनं तव्यावरून थेट पानात टाकले बोंबील,
वर तांदळाची भाकरी, वाफेनं फुगलेली.
कुरकुरीत दार, म्हटलं, आणि दारामागे घरच नाही,
नुसता ओलावा.
निलाक्षी हसली, काटा निघाला तो बाजूला ठेवला.
"काय गो, खारा झाला का?" चांगुणाबाय विचारत होती.
आम्ही दोघींनी मिळून सात संपवले.

वाशीच्या मसाला मार्केटात मी हरले.
पोती, पोत्यांवर पोती, मिरचीची लाल धूळ उन्हात उभी.
जायपत्री जमली कशीबशी. दगडफूल नाही जमलं.
ती अकरा वेळा शिंकली. हमाल मोजत होते.
रुमालाआडून म्हणाली,
"बघ, नाकाला आठवतंय सगळं.
मलाच सांगत नाही."

सीवूड्सला दाबेली खाल्ली, काही न बोलता.
माझ्याकडचे शब्द संपले होते, तिचे पाय.

रविवारी दुपार कलल्यावर उलव्याला, काळूराम घरतच्या प्लॉटवर पोपटी.
तिन्ही बाजूंनी टॉवर, चौथ्या बाजूला
विमानतळाचे दिवे, मध्ये एवढीशी काळी जमीन
आणि तिच्यात वाल.
मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, ओवा, जाडं मीठ;
मडकं उपडं, भोवती पेंढा, पेटवला.
काळूराम बोटं भिजवून मडक्यावर पाणी शिंपडायचा,
चर्र झालं की मान हलवायचा : अजून नाही, अजून नाही.

मग मडकं उघडलं.

मी तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला.
"थांब. हे नको सांगू."
वाफेतला पाला उचलून तिनं नाकाशी धरला,
सवयीनं, कितीतरी वेळ.
धुरानं असेल, डोळे वाहत होते तिचे. माझेही.
मग शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला.
"मीठ बरोबर आहे," काळूरामला म्हणाली.
त्याला याहून जास्त काही नको होतं.

परतताना माझं मागचं चाक बसलं.
पुलावर दोघी सायकली ढकलत चाललो,
तिच्या पिशवीत चार शेंगा, उद्याच्या डब्याला.

कराडला येऊन पाच दिवस झाले.
जाकीट दाराच्या खिळ्याला, तसंच.
काल रात्री तिचा मेसेज : धुतलंस?
नाही.
मग अजून येतो का? कसा येतो?
छा
एवढं लिहिलं, आणि खोडलं.
अजून जाकिटाशी उभी आहे.