वरच्या जमिनीवर पडून राहण्याचा सराव

मंगळवारी आणि शुक्रवारी,
रूडा श्लोन्स्कात, चर्चमागच्या हॉलमध्ये,
जिथे एरवी लग्नाच्या पंगती उठतात,
आम्ही नऊ म्हातारे चटया अंथरतो.
नवांची फुप्फुसं एकत्र मोजली
तर पाच माणसांची भरतील.
बाकीची खाली राहिली,
सातशे मीटरवर, कोळशाच्या पोटात.

बोगुमिला म्हणते, श्वास घ्या.
म्हणते अशी, जणू शेजारणीकडून
वाटीभर साखर आणायचीय.
आम्ही घेतो.
एर्विनच्या छातीत शिट्टी वाजते,
माझ्या छातीत कुणी खडीवरून फावडं ओढतं.
आता सोडा. घेतलात त्याहून सावकाश सोडा.

एकतीस वर्षं खाणीत उतरलो,
श्वास सोडायचाही असतो
हे कुणी बोललं नव्हतं.
आम्ही तो दातांमागे धरायचो,
महिनाअखेरीला चिल्लर धरावी तसा.

पहिल्या महिन्यात हात गुडघ्यांशी अडले.
गुडघ्यांशी तेव्हा माझं बोलणंच बंद होतं.
मग नडगी.
मग, लेंट सरता सरता, घोटा.
मे महिन्यातल्या एका सकाळी
बुटाची नाडी मी बांधली, माझी मी,
आणि हेल्गा दारात उभी राहिली
अर्धा सोललेला बटाटा हातात घेऊन.
सहा वर्षं ती वाकत होती माझ्यासाठी.
काही बोलली नाही.
बटाटा मात्र त्या दिवशी करपला.

कबुतराचंही एक आसन असतं.
बोगुमिलानं नाव घेतलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
कारण चाळीस कबुतरं पाळतो मी, माळ्यावर.
मी म्हटलं, बाई,
आजारी कबुतरसुद्धा असं बसत नाही.
पण माळ्याच्या चौदा पायऱ्या
आता मी न थांबता चढतो,
आणि वर पोचल्यावर
मांजराला शिव्या घालायलाही दम उरतो.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली.
खोकला आहे तिथेच आहे.
आसनांनी छातीतला कोळसा झिजत नाही,
हे बोगुमिलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
खोटं बोलली असती
तर दुसऱ्या दिवशी मी गेलो नसतो.

सगळ्यात सोपं आसन शेवटी.
पाठीवर पडा. डोळे मिटा. हलू नका.
याला म्हणतात काय, एर्विननं विचारलं.
प्रेत, ती म्हणाली, जराशी ओशाळून.
आठ जण घोरायला लागले.
मी उठून बाहेर गेलो, बर्फात, नुसत्या मोज्यांवर.

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात
मी असाच पडलो होतो, एकोणीस तास,
नाकापासून दगड चार बोटांवर.
शेजारी गेरार्ड.
पहिले सहा तास त्याचा श्वास ऐकू आला.
मग माझाच.

पुढच्या खेपेला
बोगुमिलानं माझी चटई दाराशी टाकली
आणि दार उघडं ठेवलं, खुर्ची लावून.
फेब्रुवारीत.
कुणी कुरकुरलं नाही,
सगळे खाली राहून आलेले.
मी कुशीवर पडलो, डोळे टक्क उघडे,
छताच्या दिव्यांतल्या मेलेल्या माश्या मोजत.
असे कितीतरी मंगळवार. माश्या पाठ झाल्या.
घरी हेल्गा म्हणाली,
आताशा रात्री तू ओरडत नाहीस,
नुसता बडबडतोस.

काल डोळे मिटले.
एक हात उचलून नाकासमोर धरला, खात्रीसाठी.
चार बोटांवर हवा.
पाच बोटांवर हवा.
हात पुरेना इतकी हवा.
घेतली. सोडली, सावकाश.
मग आणखी एक सोडला,
गेरार्डच्या वाटचा, राहून गेलेला.

त्यानंतर मी घोरलो म्हणे.
एर्विन सांगत होता,
हसताना त्याची शिट्टी
रस्त्यापलीकडे ऐकू जात होती.