ढिगारेवाली

पहाटे चार वाजता हॅमिल्टनच्या बार्टन स्ट्रीटवर
आम्ही न्यूयॉर्क उभं करतो.
पाट्या बदलायच्या, पिवळ्या टॅक्सी आडव्या लावायच्या,
कॅनडाची लाल टपालपेटी पोत्यानं झाकायची.
सात वाजता माझं काम सुरू :
न्यूयॉर्क पाडायचं.

ढिगारा करायलाही अक्कल लागते.
नवखी पोरं विटा ओततात
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा.
मी ओरडते, अरे, भिंत पडते
ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर पडते,
खाली काहीतरी असू द्या :
डब्याचं झाकण, अर्धं कॅलेंडर,
एक मोजा. एकच.
फोमची वीट, थर्माकोलचा खांब,
राख म्हणजे वाळवून चाळलेला कागदाचा लगदा.
करडा रंग तीन छटांचा हवा.
एका छटेचा ढिगारा पडद्यावर लगेच उघडा पडतो.

पंधरा वर्षांत अकरा वेळा
बुडवलं, जाळलं, गोठवलं मी ते शहर.
एकदा कशानं गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही,
पटकथा रोज बदलत होती.
हॅमिल्टनवर मात्र अजून एकही उल्का पडलेली नाही.
एवढ्या लांबून येऊन
कोण आमच्यावर पडणार?
मरायचं आम्ही,
सुतक न्यूयॉर्कला.

यागोदा पेर्कोविचचं बूट दुरुस्तीचं दुकान
तीन दिवस बंद ठेवायचे तिला नऊशे डॉलर मिळतात.
उघडं ठेवून महिन्यात एवढे होत नाहीत, म्हणते,
आणि खिळे तोंडात धरून विचारते,
पुढचा प्रलय कधी गं?

भोंग्यातून हुकूम येतो : पळा! वर बघा!
दोनशे माणसं वर बघत पळतात.
वर काहीच नसतं.
क्रेनला टांगलेलं हिरवं कापड,
आणि वाऱ्यानं ते हललं तर मागे
पोलाद कारखान्याची थंड चिमणी.
ती नंतर संगणकावर पुसतात.

माझा बाप नुंझियो शोर्तिनो
त्या चिमणीखाली एकतीस वर्षं होता.
ते सगळं गेलं तेव्हा कुणी पळालं नाही.
आधी रात्रपाळी गेली,
मग कँटीनमधलं सूप पातळ झालं,
मग फाटकासमोरचा बेकरीवाला गेला,
मग पोरं, एकेक करून, अल्बर्टाला.
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
एका मंगळवारी भोंगा वाजला नाही
आणि आई उशिरा उठली,
एवढंच.
मी नऊ वर्षांची होते. शाळा बुडली म्हणून खूश.

या खेपेला बाप आला बघायला,
घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन. एक्याऐंशी पूर्ण.
धूर सोडला. काच फुटली, साखरेची.
दोनशे माणसं किंचाळत
यागोदाच्या दारावरून, बंद बँकेवरून,
जिथं त्याचं लग्नाचं जेवण झालं त्या हॉलवरून
धावत गेली,
आणि परत बोलावल्यावर हसत, घाम पुसत, चालत आली.
मला वाटलं, म्हातारा चिडेल.
तो म्हणाला,
‘किती वर्षांनी गं
या फुटपाथवर एवढी माणसं.’

सामान आवरताना त्यानं एक वीट मागितली.
सवयीनं दोन्ही हातांनी, कंबर सांभाळून उचलली,
आणि ती इतकी हलकी निघाली
की तोल जाऊन मागे आला, मीच धरला.
दाराला लावतो म्हणाला.
मी म्हटलं, पपा, फोम आहे, दार नाही थांबायचं.
माहीत आहे, म्हणाला.

रात्री तळ्यावरून वारा सुटला.
दार आपटत होतं.
दोघांपैकी कुणीच उठलं नाही.