इतिवृत्त

सभा साडेदहाची. सुरू झाली पावणेबाराला,
कडोलीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात.
फळ्यावर कालचा लसावि तसाच होता.

मी रताळी संघाचा चिटणीस. आदल्या रात्री जागून
तानाक्कांना एक कागद करून दिला होता:
कोण काय विचारील, त्यावर काय बोलावं.
'सदर बाब तपासाधीन आहे.'
'विषय संचालक मंडळापुढे ठेवण्यात येईल.'
असली सोळा वाक्यं.
त्यांनी पूर्ण वाचला, चष्मा पुसून.
मग चार घड्या घालून
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.
"बघ, आत्ता हलत न्हाई," म्हणाल्या.

पहिले उठले लुमाण्णा मास्तर.
त्यांचा प्रश्न म्हणजे सात मिनिटांचं भाषण,
त्यात धरणं, दिल्ली, स्वतःची पेन्शन.
तानाक्का मध्ये बोलल्या नाहीत.
शेवटी एवढंच: "म्हंजे मास्तर, तुम्ही विचारायलाय
की पोत्याला चाळीस रुपये हमाली कुणी ठरवली. हेच न्हवं?"
मास्तर थबकले. इतक्या थोडक्यात
आपला प्रश्न त्यांनीही पहिल्यांदाच ऐकला असावा.
"मी ठरवली. जास्त झाली."

मग सातेरी, मागच्या बाकावरून, बसूनच:
"माल तुमच्या जावयाच्याच ट्रकातनं का गेला?"
वर्ग असा गप्प झाला
की बाहेर घासल्या जाणाऱ्या पातेल्यांचा आवाज आत आला.
मला वाक्य क्रमांक नऊ आठवलं.
तानाक्कांचे कान लाल झालेले, मी शेजारून पाहिले.
त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं, प्यायल्या नाहीत.
"त्या आठवड्यात दुसरा ट्रक मिळाला न्हाई, हे खरं.
मी दोनच ठिकाणी विचारलं, हे बी खरं.
भाड्याची पावती हितं हाय. ये, बघ."
तो आला नाही. पावती मात्र बाकाबाकावरून फिरली,
परत आली तेव्हा तिच्यावर हळदीचं बोट होतं.

आणि मग भिंतीला टेकलेली बसव्वा,
काकतीकडची, बारा गुंठ्यांची सभासद:
"नम्म रोक्क यल्लि ऐति?"
"मराठीत विचारा ओ!" कुणीतरी.
एक बाक करकरला.
एवढ्या ठिणगीवर इथं काय काय पेटतं
ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं.
"बसा," तानाक्का म्हणाल्या.
"रोक्क म्हंजे रोख. कळलं न्हाई असा
एक तरी हाय का हितं?"
आणि टेबल सोडून
बसव्वापासून हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या.
"गोत्तिल्ल, अक्का."

माहीत नाही.
इंदूरच्या व्यापाऱ्यानं एकेचाळीस पोत्यांचे पैसे धाडलेले नाहीत,
फोन उचलत नाही,
आणि तो निवडला मीच.
हे आधी मोडक्या कानडीत, मग आम्हाला मराठीत.
"सोमवारी त्याच्या दलालाकडं यार्डात जाणार हाय.
ज्याला यायचं त्यानं या."

टाळ्या वगैरे काही नाही.
"असल्या बोलण्यानं पोट भरतंय व्हय?" एकजण म्हणाला,
आणि त्याचंही खोटं नव्हतं.
निम्मे लोक चहा न घेता गेले.

रात्री वही उघडली. प्रश्न तिसरा, उत्तर:
'तपासाधीन' लिहिलं, खोडलं.
'समाधानकारक खुलासा करण्यात आला', तेही खोडलं.
मग लिहिलं, 'माहीत नाही, असे अध्यक्षांनी सांगितले.'
शाई वाळेपर्यंत
मलाच उघड्यावर बसल्यासारखं वाटलं.

सोमवारी सातची बस.
त्या दोघींना शून्याचं तिकीट, मला पैशाचं.
तानाक्का खिडकीशी, मांडीवर पोत्यांच्या चिठ्ठ्या.
बसव्वा एवढ्या लांब चालत आली होती,
धापा टाकत होती अजून.
मी दांडीला धरून उभा.
निम्म्या वाटेत तिनं मान वर केली,
माझ्याकडं बघून, चक्क मराठीत:
"त्या दिवशीचं सगळं लिवलास न्हवं?
खोडलास काय त्यातलं?"

सोळाच्या सोळा वाक्यं
अजून पाठ होती मला.