उतारा

मूत्रपिंड मागायचं कसं,
हे कुठल्या आईने मुलीला शिकवलेलं नसतं.
विरजण मागता येतं, वाटी पुढे करून.
चवथीला माटोळीसाठी
सुपाऱ्यांचा घड मागता येतो.

नवऱ्याला साखर. तो पहिल्याच फेरीत बाद झाला
आणि गोमेकॉच्या पायरीवर बसून
माझ्याच डब्यातली इडली खात रडला.
मुलगा एकोणीसचा. त्याने बाही वर केली,
मी ती खाली केली.
मावसभाऊ जेवताना हो म्हणाला,
भात संपेपर्यंत हो म्हणत होता,
मग करमल घाटात त्याचा फोन
रेंजबाहेर गेला, तो गेलाच.
शेजारची फिलोमेना म्हणाली, माझं घे गो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आधी रक्ताचं कोणी उरलंय का ते पाहू.

उरला होता पुर्सो.
इन्व्हेंटरीच्या दाव्यात तो हितसंबंधी क्रमांक दोन,
मी क्रमांक तीन.
सात वर्षं एकाच बाकावर, मधे दोन वकील.
लोलयेच्या भाटातले बेचाळीस माड,
एक-चौदाच्या उताऱ्यावर दोघांची नावं,
मापणीला येणारा माणूससुद्धा
आता आमच्याकडे चहा मागत नाही.

आणि मला शहाळं चालत नाही. पोटॅशियम.
बेचाळीस माडांची अर्धी मालकीण
दिवसाच्या एका लिटरात राहते:
अर्धा कप चहा, गोळ्यांपुरते घोट,
दुपारी बर्फाचा एक खडा, तोही मोजून.
तांबडी भाजी दोनदा उकडायची,
पाणी ओतायचं, उरेल तिला भाजी म्हणायचं.
मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीन.
मनगटावरच्या फिस्टुलावर बोट ठेवलं
की तो गुणगुणतो,
भिंतीत गांधीलमाशी अडकावी तसा.

मी त्याला विचारलं नाही.
विचारलं फिलोमेनाने,
चावडीच्या बाजारात, बांगड्यांचा भाव करता करता.
तो काही बोलला नाही म्हणे.
वाटा पिशवीत घातला, पैसे दिले, गेला.

शनिवारी डायालिसिसच्या दारात उभा,
हातात आधार कार्डाची झेरॉक्स.
माझ्याकडे नाही, मशीनकडे बघत म्हणाला,
"रक्त खंय दिवपाचें?"
काहीतरी बोलायला हवं होतं.
मी म्हणाले, वहिनीची सही लागेल.
"लागता," तो म्हणाला. "माडांकय लागता."

मग कागद. रक्तगट, क्रॉसमॅच, त्याचा सीटी,
माझी किडकी दाढ उपटून झाली,
दंडावर लशी, हृदयाची तपासणी, परत रक्त.
एका अहवालावर दोघांची नावं शेजारी शेजारी,
खाली रकाने, आकडे, शिक्का.
इतक्या वर्षांत असा कागद
आम्ही पहिल्यांदा न भांडता वाचला.

समितीपुढे कॅमेरा लावलेला.
यात पैशांचा काही व्यवहार झाला आहे का?
पुर्सोने चष्मा काढला, पुसला.
"पयशे? आमचे पयशे वकिलाकडेन आसात."
एक सदस्य खोकल्यासारखं हसले.
बाईंनी लिहून घेतलं: नाही.

दावा त्याने मागे घेतलेला नाही.
मीही नाही.
पुढची तारीख एकोणीस,
ऑपरेशनही एकोणीसलाच निघालं, म्हणून
वकिलांनी मुदत मागितली. कारण:
दोन्ही पक्ष बांबोळीला दाखल.

आदल्या रात्री बारानंतर दोघांनाही पाणी बंद.
एक वाजता तो सपाता ओढत आला,
पोटावरचे केस भादरलेले, झग्याची नाडी उलटी,
आणि स्टुलावर बसला.
"गळो सुकलो गो," म्हणाला.
तीन वर्षांत एवढी एकच विद्या मी शिकले होते.
जीभ टाळूला लाव, म्हटलं,
गिळू नकोस. मनात शंभर मोज.

तो ओठ हलवत मोजत बसला.
मी ओठांवरून आकडे ओळखत होते.
बेचाळिसापाशी थोडा थांबला,
माझ्याकडे बघितलं,
मग पुढे.