चाळीस सेकंदांचा माग

हत्तुरे सरांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
फोन आडवा धर.
दुसऱ्या दिवशी: श्वास रोखून धर.
तिसऱ्या दिवशी क्लासला कुलूप,
सर कुंभारीला लग्नाच्या शूटिंगला गेलेले.

नव्या पेठेत चपलांच्या दुकानावर
जिना चढताना कपाळ आपटतं अशी खोली,
आम्ही सहा जण, कॉम्प्युटर दोन.
एकाचं एसचं बटण दाबलं की दबूनच बसतं.
तौफिक म्हणतो, सेव्ह करायच्या आधी
दुवा माग बे.

गृहपाठ आला: घरातल्या माणसाचं काम,
एका मिनिटाच्या आत.
मी नान्नांचा माग घेतला.

साखर पेठेच्या बोळात, पत्र्याखाली,
एप्रिलच्या दुपारी टॉवेलचे चार माग चालू.
आपलाच खोकला आपल्याला
ऐकू येत नाही, छातीत कळतो फक्त.
रिकाम्या कांड्यांची पेटी, पेटीवर वीट,
विटेला रबरबँडनं बांधलेला फोन.
दर पाच मिनिटांनी लेन्सवर सुताची लव,
ती ओढणीनं पुसायची, परत मागं सरायचं.
नान्ना सुरुवातीला
आधारकार्डाच्या फोटोला उभे राहिलेले तसे उभे,
हात मांड्यांना चिकटवून.
मग विसरले मला.
दोन तास अकरा मिनिटांनी फोन म्हणाला,
जागा संपली.

रात्री कापायला बसले.
शेजारी अम्मा तेंदूपानं कापत होती,
पानावर पत्र्याचा फर्मा, फर्म्याभोवती कात्री,
खाली बघतसुद्धा नव्हती.
उरलेल्या कडांचं काय करतेस गं?
"पाणी तापवते."

मीही कडा काढल्या.
हललेलं काढलं, धुरकट काढलं.
माग बंद पडला होता तेवढं सगळं काढलं:
नान्ना पाठमोरे, वाकलेले,
बनियनची भोकं आणि पाठ, बाकी काही घडतच नाही.
आणि जागा हवी म्हणून
कचराही रिकामा केला.

उरला धोटा.
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
चाळीस सेकंद, एक श्वास चुकत नाही.
सर म्हणाले, पोरी, हाताला ताल आहे तुझ्या.
तौफिकनं तर स्टेटसला ठेवला.

नान्नांना जेवताना दाखवला.
शेंगाचटणीचं बोट लांब धरून
दोनदा पाहिला त्यांनी.
मग म्हणाले, "तार तुटलेली कुठाय?"
कापली. तिथं काही होत नव्हतं.
"हे पळतंय ते मोटर करतीय बाळा.
माझं काम तेवढंच होतं."

रागावले नाहीत.
शनिवारच्या हिशेबात दहा रुपये कमी आले
की मालकाला सांगतात, त्या आवाजात सांगितलं,
आणि कडक भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

मी कचरा उघडून पाहिला.
माहीत होतं, तरी पाहिला.
मग डोळे मिटून आठवायला गेले:
एक टोक ओठांत धरलं होतं का त्यांनी?
गाठ कुठल्या बोटानं मारली?
दोन तास अकरा मिनिटं मी समोर होते,
बघत होते चार्जिंग.

आज परत पेटी, वीट, रबरबँड.
पाऊण तास झाला, तार तुटत नाही.
सूत बरं आलंय या खेपेला,
नान्ना ओरडून सांगतात, मला ओठांवरून कळतं.
तुटली की माग थांबतो,
माग थांबला की मजुरी. हेही कळतं.
तरी अंगठा लाल ठिपक्यावर ठेवून
मी ताण्याकडं बघत बसलेय,
कुठं एखादी सैल दिसते का.

नान्नांनीही दोनदा वाकून पाहिलं.
मग माझ्याकडं वळून
तळहात दाखवला: थांब जरा.

थांबलेय.
बॅटरी एकतीस टक्के.