खालचा सूर

पिक्चर मामावरचा.
म्हणजे मामाच्या चौदा वर्षांवरचा,
बाकीची एकोणसाठ कुणाला नको होती.

दिग्दर्शक साखर पेठेत घरी आला तीनदा,
मागाजवळच्या स्टुलावर बसून
शेंगाचटणी बोटानं चाटत विचारायचा,
आत कसं वाटायचं तुम्हाला?
अंबय्यामामा कांडी भरत म्हणायचा,
"वाटायला काय. आतबी मागच होता की.
सतरंज्या विणलो."

मी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो,
लाल कोट, खांद्यावर जरीची झालर, मे महिना.
म्हणून मला पुण्याला बोलावलं, रेकॉर्डिंगला.
काचेपलीकडे चाळीस व्हायोलिनं,
एसीत माझं रीड आखडलेलं.
संगीतकार म्हणाला,
तुमच्या गिरणीचा भोंगा काढून दाखवा.

मी सगळ्यात खालचा सूर धरला.
पोटातून, दात न लावता,
पहाटे गोधडीतून ऐकू यायचा तसा,
सुरुवातीला खरखर, मग सपाट, मग लांब,
भिंती न मोजणारा.
तो म्हणाला, ओके.
पाकिटात अडीच हजार.

मामा भोंग्याबद्दल एकदाच बोललाय,
लाईट गेली होती तेव्हा.
आत घड्याळ नसायचं. भोंगा झाला की उभं राहायचं,
हात मांडीला लावून, गिनतीला.
नवव्या वर्षी एक दिवस भोंगा आलाच नाही.
बरॅकीत कुणाला झोप लागेना, कुणी उठेना.
गिरणीला कुलूप लागलं हे कळायला चार दिवस गेले.
"भाईरचे सगळे सुटले बे एकदम," मामा म्हणाला,
"आमीच राह्यलो."

रविवारी दुपारचा शो. आम्ही धरून अकरा माणसं.
पडद्यावरचा मामा उंच, गोरा,
आणि विसाव्या मिनिटाला निर्दोष.
मागून कुणीतरी शिट्टी मारली.
मी शेजारी पाहिलं.
तो शेंगा फोडत होता, टरफलं खिशात टाकत.
केलं की नाही केलं,
हे घरात कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
फक्त दर वर्षी गड्ड्याच्या जत्रेतून
एक लाकडी गाडी आणतो,
एका गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो,
आणि गाडी घेऊन परत येतो.
माळ्यावर बावीस गाड्या आहेत.
पिक्चरमध्ये एकही नव्हती.

मग तुरुंगातली पहिली पहाट आली. अंधार.
व्हायोलिनं थांबली.
माझा सूर.

मामा उठला.
चपला काढल्या, जोडून ठेवल्या,
हात मांडीला.
"ओ बाबा, खाली बसा की, दिसंना झालंय,"
मागून आवाज.
मी त्याची बाही ओढली. बाहीतला हात लाकडाचा.
सूर चालूच.
स्टुडिओत किती मोठा दम घेतला होता मी,
शाबासकीसाठी. बँडात शिकलो ते,
नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत सोडायचं नाही.

सूर संपला, तो बसला.
एक शेंग फोडली.
पुढची सुटका, फाटक, उजेड, चाळीस व्हायोलिनं
त्यानं पाहिली की नाही माहीत नाही.

बाहेर ऊन डोळ्यात घुसलं.
टपरीवर बशीत चहा ओतत म्हणाला,
"मला वाटलं गिरणी चालू झाली काय की.
कुठनं आणले रे भोंगा?"

"मशीनवरचा असतो मामा," मी म्हणालो,
"कंप्युटरमधला."

त्यानं बशीवर फुंकर घातली.
"चांगला हाय," म्हणाला.
"जरा लवकर थांबाया पायजे होता."