सारंगखेड्याची नाव

यात्रेचे घोडे उतरवणाऱ्या दोन नावा
सरकारनं एकमेकींना जखडल्या,
वर सागवानी फळ्या ठोकल्या,
मधोमध चुन्याची रेघ.
"आता हे जहाज," साहेब म्हणाला.
झिपरू भोई हसला नाही.
तापी तेव्हा कमरेइतकी,
पल्याड डांगरवाड्या.

विमानं रेघेवर झेपावायची,
हातभर उरलं की पुन्हा वर.
नगरकडचा एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
विमानासकट गाळात रुतला.
बाहेर ओढल्यावर चिखल थुंकत म्हणाला,
"समुद्र याहून रुंद असतो, ना?"
झिपरूनं तरी कुठं पाहिला होता.

लढाई सरली. नावा सुटल्या.
फळ्या तेवढ्या राहिल्या, चुना पुरानं नेला.

दत्तजयंतीला घोडे चढले,
तर एक अबलख शिंगरू
नेमकं रेघेच्या जागी थबकलं,
कान आभाळाकडे.
झिपरूनं वल्हं थांबवलं.